सही करते की दादा, पण कशामुळं?

औसा तालुक्यातून एका वाचकाचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा गोषवारा देते.

वय 38. डीएड केलं, नोकरी लागली नाही, आता शेती करतात. गाव 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. रान 9 एकर, एक बोअर, पाणी कसंबसं मार्चपर्यंत. वडील मागच्या वर्षी वारले. धाकटा भाऊ लातूरला दुकानात कामाला. दोन्ही बहिणींची लग्नं झालेली. वारस नोंद लागली की बहिणींनी हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून द्यायचं, तालुक्याला नोंदणी करायची, मग दोघींना साडी-चोळी आणि हॉटेलात जेवण, एवढं सगळं भावकीत ठरून गेलं होतं. थोरलीने लगेच होकार दिला. धाकटीच्या नवऱ्याला दोनच एकर रान आहे, तो निम्मं वर्ष पुण्याला मजुरीला असतो. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सणाला, सगळे रानात जमले होते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबील झाली, आणि हात धुता धुता धाकटी म्हणाली, "सही करते की दादा. पण कशामुळं करायची तेवढं सांग."

वाचक लिहितात, "मला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, आपल्यात असंच असतंय. बायको म्हणाली, मी नाही का केली सही, मला काय कमी पडलं? बहिणींच्या लग्नाचं कर्ज आम्ही दोघा भावांनी फेडलंय. वाटे चार केले तर रानाचे तुकडे होतील. हा नियम कोणीतरी कधीतरी ठरवला असणार हे कळतं. पण असे नियम नसले तर गावगाडा चालेल का? हे असंच असावं लागतं, का बदलता येतं?"

भाऊ, आधीच सांगून टाकते की या विषयात मी तटस्थ नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मीही सही केली आहे. कचेरीच्या बाहेर लिंबाखाली टायपिंगवाला बसला होता, त्याने कागद पुढे सरकवला आणि पेनने फुली मारून दाखवली, "ताई, इथं." मजकूर वाचला नाही. वाचायचा असतो हेच डोक्यात आलं नाही, आणि मी तेव्हा शिक्षिका होते, पोरांना "वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका" म्हणून छड्या मारणारी. भावाने घेतलेली गुलबक्षी साडी अजून कपाटात आहे. भाऊ चांगला आहे, आजही दिवाळीला न्यायला येतो. त्यामुळे मी त्याच्यावर रागावून लिहितेय असं समजू नका. तुमच्या बहिणीने विचारलं ते मला त्या दिवशी सुचलं नव्हतं, एवढंच.

आता तुमचा मोठा प्रश्न. नियम लागतात का? लागतात. तुमच्या शेजारच्या गावचा बाजार एका वारी भरतो, तुमचा दुसऱ्या. तोच वार का, याला काही कारण नाही, कुठलाही चालला असता. पण वार ठरलेला नसता तर भाजीवाली एकीकडे आणि गिऱ्हाईक दुसरीकडे. असे कितीतरी नियम आहेत जे उगाच ठरलेत आणि तरी कामाचे आहेत. सालगड्याचं साल पाडव्याला धरायचं, दसऱ्याला का नाही? असंच. त्यांना हात लावायची गरज नाही.

हक्कसोडीचा नियम या जातीचा आहे का, हे मात्र तपासायला हवं. मी तपासते ते असं: बाजाराचा वार बदलला तर आज एकाची गैरसोय होईल, उद्या दुसऱ्याची. हक्कसोडीत देणारी कायम बहीण आणि घेणारा कायम भाऊ. पिढ्या बदलल्या, बाजू बदलली नाही. कोणीतरी रान बघायला हवं, म्हाताऱ्यांना सांभाळायला हवं, यासाठी काहीतरी नियम लागेल हे मान्य. पण हाच लागेल हे कशावरून?

"पूर्वीपासून आहे" म्हणाल, तर तुमच्याच रानाकडे बघा. वडील तरुण असताना तिथे ज्वारी, करडई, तूर होती. आज बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. ज्वारी मोडताना काका "आपल्यात असं नसतंय" म्हणाले का? बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि पोळ्याला मातीचे बैल पुजायची वेळ आली तरी कोणाचा धर्म बुडाला नाही. गंमत अशी की महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली, पण वेशीतून पहिली बैलजोडी कोणाची यावरून अजून काही गावांत काठ्या निघतात. जे बदलताना खिशाला फायदा होतो ते आपण चटकन बदलतो. जिथे मान किंवा जमीन सुटते तिथे परंपरा आठवते.

तुम्ही भूकंपातल्या गावचे, म्हणून एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र उलटलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मणामणाची माती घातलेली माळवदं माणसांवर बसली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. वाडा आणि खोपट, दोन्हींचा ढिगाराच झाला. गावाच्या मध्यात कोण आणि वेशीबाहेर कोण, ही शेकडो वर्षांची मांडणी एका मिनिटात जमीनदोस्त झाली. मग पुनर्वसन आलं. नवी गावं कागदावर आखली गेली आणि घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि थोडी जमीन असणाऱ्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या जमीनवाल्यांना 750. तुम्ही पत्रात "आमचं 400 फुटी घर" म्हणता ते यातलंच.

घरात माणसं किती, यावर माप ठरवता आलं असतं. सगळ्यांना एकच माप देता आलं असतं. बैठकीत बसलेल्या लोकांनी तिसरंच ठरवलं. त्यांची काही कारणं असतील, मी त्यांना दोष देत बसत नाही. पण विषमता आभाळातून पडत नाही, ती कोणीतरी पट्टीने आखतो, हे तुमच्या गावाइतकं स्वच्छ मराठवाड्यात दुसरीकडे क्वचितच दिसेल. आणि ते माप कशावरून घेतलं? सातबाऱ्यावरून. भूकंप असो, पीकविमा असो, गारपिटीचं अनुदान असो, मोजणारा माणूस आला की तो सातबारा मागतो. ज्याचं नाव त्यावर नाही तो त्याच्या लेखी नसतोच. नवऱ्याने जीव दिल्यावर बँकेच्या पायऱ्या चढणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पंचवीस वर्षं त्याच रानात खुरपलेलं, पण कागदावर शेतकरी नाहीत.

तुकड्यांचं म्हणता, तर उद्या तुम्ही आणि धाकटा भाऊ वेगळे झालात तर रानाचे दोन तुकडे होणारच आहेत. तेव्हा धाकट्याला कोणी म्हणणार आहे का, "तुकडा होतोय, तू लातूरला असतोस, हक्क सोड"? तो तर रानात राबतही नाही. बहिणीच्या वेळेलाच तुकड्याची आठवण का येते, यावर एकदा शांतपणे बसून विचार करा. आणि नाव लागणं म्हणजे बांध घालणं नव्हे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक राहू शकतात आणि रान एकच माणूस करू शकतो.

लग्नाच्या कर्जाचं मात्र मी उडवून लावणार नाही. सावकाराचे पैसे फेडताना माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. पण त्यात किती पैसे कुठे गेले ते बघा. मांडव, जेवणं, मानपान यांत गेलेला पैसा बहिणीच्या हातात आला नाही. हुंडा दिला असेल तर तो सासऱ्याच्या हातात गेला, आणि हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे. त्याला वाटा म्हणून हिशेबात धरणं म्हणजे चोरीच्या मालाची पावती मागण्यासारखं आहे. आणि हिशेबच मांडायचा तर पुरता मांडू. डीएडला तुमच्यासाठी डोनेशन भरलं होतं का? धाकट्याच्या लातूरच्या खोलीची अनामत? ते कोणी वाट्यातून वजा केलं? तुम्ही चिडाल, पण प्रश्न रास्त आहे. वडिलांच्या आजारपणाचा खर्च, आईचा सांभाळ, बोअरचं कर्ज, हे खरे खर्च आहेत आणि ते सगळ्या वारसांत मांडले पाहिजेत. बहिणी त्याला नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त अडखळले. ती वहिनींची आहे: मी नाही का केली सही? वाचायला ती टोमणा वाटते. मला त्यात तक्रार ऐकू आली, आणि ती तक्रार खरी आहे. माहेरी त्यांनी सोडलं. आता सासरी नणंदेने घेतलं तर इथलंही कमी होणार. म्हणजे जुन्या नियमाने एकदा गेलं, नव्या नियमाने पुन्हा जाणार. रीत बदलते तेव्हा मधल्या पिढीतल्या बाईला असं दोन्हीकडून चिमटा बसतो, आणि मग तीच जुन्या रीतीची राखणदार होऊन बसते. सासूने सोसलं म्हणून सुनेने सोसायचं, हे आपण घरोघर बघतो. "मला काय कमी पडलं" असं विचारणाऱ्या बाईला खरंच काही कमी पडलं का, हे तिला एकटीला, घाई न करता, कोणीतरी विचारायला हवं. ते तुम्ही विचारा. आणि नुसतं विचारून थांबू नका. तुमच्या वाट्याच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लावा. नवी गोष्ट नाही ही. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा फेटेवाल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या, आणि मग सरकारने 1992 मध्ये सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव लावायचं परिपत्रक काढलं. "आपल्यात असं नसतंय" म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा. आपल्यातल्याच लोकांनी केलं होतं.

आणखी एक. तुम्ही सहा पानांत तीन ठिकाणी वाटे मोजलेत आणि तिन्ही वेळा "चार" लिहिलंत. भाऊ, पाच. आई राहिली.

आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, "आई माझ्याकडेच असते." ती तुमच्याकडे असते, का तुम्ही तिच्या घरात असता? वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर कायद्याने त्यांच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली सारख्या वाट्याचे. 9 एकर म्हणजे 360 गुंठे, पाच वाटे केले तर प्रत्येकी 72 गुंठे, म्हणजे 1 एकर 32 गुंठे. जमीन वडिलोपार्जित असली तरी तुमच्या घरात हिशेब फिरून तिथेच येतो, पण वकिलाकडून एकदा खात्री करून घ्या. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क 1994 मध्येच दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. तेव्हा थोरलीचं लग्न कधी झालं याच्याशी काही संबंध नाही.

मग करायचं काय? हक्कसोड ठरल्याप्रमाणे करून घेणं हा एक रस्ता आहेच, आणि तो बेकायदेशीर नाही. बहीण खरोखर मनाने सोडत असेल तर तिचा तो अधिकार आहे. पण मनाने सोडते आहे हे ओळखायचं कसं? थोरली म्हणते, "मला रान नको, माहेर हवं." यात एक गोष्ट धरून चाललोय आपण, की रान घेतलं तर माहेर जाणार. ही अट कोणी घातली? तुम्ही घातली नसेल, पण काढूनही टाकलेली नाही. ती आधी काढा. दोघींना, त्यांचे नवरे समोर नसताना, सांगा की सही केली नाही तरी दिवाळीला न्यायला येईन, पोरांच्या लग्नात मामाचा आहेर येईल, पंचमीला झोका इथेच बांधलेला असेल. एवढं सांगून सहा महिने विषय काढू नका. त्यानंतरही थोरली सोडते म्हणाली तर तो तिचा निर्णय. धाकटीचं उत्तर वेगळं येईल असा माझा अंदाज आहे.

मला तुमच्यासाठी बरा वाटतो तो मार्ग असा. आत्ता पाचही नावं लागू द्या, वाटणी करू नका. रान तुम्ही करताय तसंच करा. तुमचा वाटा सोडून बाकीच्यांचं रान तुम्ही बटईने (पिकात वाटा देऊन) किंवा ठोक्याने (वर्षाची ठरलेली रक्कम देऊन) करताय असं धरा आणि गावात चालतो त्या दराने दरसाल प्रत्येकाला द्या, रोख नाहीतर धान्यात. खत, बी, फवारणी, मजुरी वहीत लिहा. धाकट्या भावालाही हाच नियम लावा, नाहीतर सगळं मुसळ केरात. धाकटीला वर्षाकाठी तुरीची दोन पोती आणि थोडे पैसे गेले तर तिच्या नवऱ्याचा पुण्याचा एखादा महिना तरी वाचेल. थोरली घेणार नाही म्हणाली तर तिच्या पोरीच्या नावाने बँकेत टाका. पुढे कधी कोणाला मोकळं व्हायचं झालं तर किंमत ठरवून हप्त्याने द्या आणि मगच त्या वाट्याचा दस्त करा. मोबदला देऊन केलेल्या दस्ताला मुद्रांक जास्त लागतो, ते आधी विचारून घ्या. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणीही होते. पण घाई नको.

धाकटा भाऊ ऐकणार नाही असं तुम्हाला वाटतं. कदाचित नाही ऐकणार. मग तुम्ही तुमच्यापुरतं करा: "मी कोणाकडून हक्कसोड लिहून घेणार नाही" एवढं म्हणायला त्याची परवानगी लागत नाही. बहिणीने त्याच्या लाभात सोडायचं का, हे तिचं ती बघेल. राहिले काका. भावकीने वाळीत टाकलं, पंगतीतून उठवलं, असं काही झालं तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. पण तुमच्या पत्रातले काका मला तसे वाटत नाहीत. ते रुसणार, दोन येळवशी दुसऱ्याच्या कोपीत जेवणार आणि तिसऱ्या वर्षी आंबिलीला येणार. शिवाय त्यांना चार मुली आहेत ना? त्या हे सगळं बघत असतील. काकांच्या रागाचं खरं कारण कदाचित तिथे आहे.

हे सदर वाचणाऱ्या बहिणींसाठी दोन गोष्टी, माझ्या लिंबाखालच्या अनुभवावरून. दस्त आदल्या दिवशी घरी मागवून घ्या आणि कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कधीकधी शेताच्या कागदात घर-जागेचाही गट घातलेला असतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर सहजी फिरवता येत नाही, साडी कितीही भारी असली तरी. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न घालता.

तुमच्यासाठी लगेचचं काम एकच आहे, भाऊ. वारस नोंदीचा अर्ज अजून दिला नसेल तर द्या. तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर. मृत्यूचा दाखला, सातबारा, आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र. "बहिणी तशाही सोडणारच आहेत, नावं कशाला घालता" असं कोणी सुचवेल, ऐकू नका. पाच नावं लिहा, आईचं पहिलं. नोटिशीचे पंधरा दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर केला की त्याचा फोटो धाकटीला व्हॉट्सअॅपवर पाठवा. आईला मात्र समोर बसवून वाचून दाखवा. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव तिने आजवर ऐकलं नसेल, तेव्हा दोनदा वाचायला लागेल.